‘सोड’ म्हणणाऱ्यांची घाई

योगसूत्रांच्या समाधिपादात पतंजलींनी चित्ताला विचलित करणाऱ्या नऊ अंतरायांची यादी दिली आहे. ती सुरू होते व्याधीपासून. मग मरगळ, संशय, बेफिकिरी, आळस, विषयांची ओढ आणि भ्रांती. इथवर ती कोणाही उपदेशकाला सुचावी अशी आहे. शेवटचे दोन अंतराय मात्र थांबून वाचावेत असे आहेत : अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. पुढची पायरी गाठताच न येणं हा एक, आणि गाठलेल्या पायरीवर टिकता न येणं हा दुसरा. दोन्ही अपयशंच, पण पतंजलींनी ती वेगवेगळी मोजली. जो चढलाच नाही आणि जो चढून घसरला, त्यांची अडचण एकसारखी नसते हे त्यांना दिसलं असावं. आपल्या घरांत मात्र या दोघांनाही एकच वाक्य ऐकावं लागतं : ‘तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही.’

वैद्यांनी हा विचार जेवणाच्या ताटापर्यंत आणला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट कशी सोडावी आणि हितकर कशी धरावी, याची रीत दिली आहे. तिला पादांशिक क्रम म्हणतात. वाईटाचा चौथा हिस्सा कमी करायचा, त्या जागी चांगल्याचा चौथा हिस्सा घालायचा, मग एक दिवसाचं अंतर, पुढे दोन दिवसांचं, मग तीन. या दिवसांच्या हिशेबाचा टीकाकारांनी बराच कीस पाडला आहे. तो इथे नको. सवय ही शरीराशी झालेली जुनी तडजोड आहे आणि ती एका फटक्यात मोडली तर शरीरच कुरकुरतं, एवढं चरकांनी गृहीत धरलं होतं. माणूस चुकीचं का वागतो, याचंही त्यांचं उत्तर नेमकं आहे. त्याला ते प्रज्ञापराध म्हणतात आणि त्याची तीन अंगं सांगतात : धी, धृती आणि स्मृती. कळणं, आवरणं आणि ऐन वेळी आठवणं. यांतलं कोणतंही एक ढळलं की बाकीची दोन असून नसल्यासारखी.

आपलं बहुतेक आरोग्यशिक्षण पहिल्या अंगावरच अडकलं आहे. पाकिटावर कर्करोगाचं भयानक चित्र, चित्रपट सुरू होण्याआधीची ती खर्जातली सूचना, शाळेच्या भिंतीवरचं घोषवाक्य : सगळा मारा धीवर. तंबाखू वाईट आहे हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात मला अजून भेटलेला नाही. तरीही २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यातही धूर काढणारे ३.८ टक्के, आणि धुराविना, म्हणजे मळून, चघळून, दातांना लावून घेणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ सालीच बंदी आली होती. माहितीही होती, कायदाही होता, आणि डबी खिशात होती.

सवय मोडण्याच्या पायऱ्यांचं आधुनिक शास्त्रही तंबाखूपासूनच सुरू झालं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठातले जेम्स प्रोचास्का आणि त्यांचे सहकारी कार्लो डिक्लेमेंट यांनी १९८३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. सिगारेटची सवय स्वतःहून बदलू पाहणाऱ्या ८७२ माणसांचा तो अभ्यास होता. प्रोचास्कांचे वडील दारूपायी गेले. मानसोपचारावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलगा पुढे मानसोपचाराचाच अभ्यासक झाला आणि दवाखान्याची पायरी न चढता माणसं कशी बदलतात, हे शोधत राहिला. सिद्धान्तामागचा सिद्धान्तकार फार शोधू नये हे खरं, पण हा संबंध नजरेआड करणं मला जमत नाही.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. आधी एक काळ असतो जेव्हा बदलाचा विचारच मनात नसतो. मग विचार येतो, पण तो विचारच राहतो. त्यानंतर तयारी, मग कृती, मग टिकवणं. येत्या सहा महिन्यांत सोडायचा मानस नसेल तर माणूस पहिल्या पायरीवर. महिन्याभरात सोडणार असेल आणि त्या दिशेनं हातपाय हलवले असतील तर तयारीत. सोडून सहा महिने उलटले की टिकवण्यात. पायरीगणिक लागणारं बळही निराळं. सुरुवातीला जाण आणि भावना कामी येतात, नंतर मोहाच्या जागा टाळणं, हाताला दुसरा चाळा लावणं, सोबत शोधणं.

यांतली पहिली पायरी सर्वांत दाट वस्तीची आणि सर्वांत कमी ओळखीची. तिथली माणसं अडाणी किंवा हट्टी असतात, हा बाहेरच्यांचा समज. प्रत्यक्षात त्यांच्यापाशी युक्तिवादांची मोठी शिदोरी असते. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होते, कुठं काय झालं?’ हा त्यांतला राजा. आमच्या बायका पहाटे मिश्री लावतात. लावली नाही तर पोट साफ होत नाही म्हणतात, आणि शरीराला निकोटीनची सवय लागली की हे निव्वळ बहाणा राहत नाही. विदर्भात खर्रा घोटला जातो आणि पुडी चौघांत फिरते. तिथं नाही म्हणणं म्हणजे पुडी नाकारणं, आणि पुडी नाकारणं म्हणजे माणसं नाकारणं. ऊसतोडीच्या फडात तंबाखूची चिमूट भूक मारते आणि दोन घटका बसायला निमित्त देते. ज्याला हे सगळं सोडायचं आहे त्याच्यासमोर फायद्यातोट्याचा खराखुरा ताळा असतो, आणि त्यात तोट्याची बाजू आपण समजतो तेवढी जड नसते. कर्करोग वीस वर्षांनी येईल किंवा येणारही नाही. पुडी पुढे करणारा मित्र आत्ता समोर बसलेला आहे.

दुसऱ्या पायरीवरची माणसं बोलकी असतात. ‘सोडायचंच आहे’ हे त्यांचं पालुपद. पोरीचं लग्न होऊ दे, हंगाम संपू दे, बदलीचं काय ते एकदा कळू दे. या पायरीवर माणूस वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतो, कारण सोडण्याचा विचार करत राहिल्यानं सोडल्याचं थोडंसं समाधान फुकटात मिळतं.

या मांडणीवर टीकाही जबर झाली आणि ती रास्त आहे. लंडनचे रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ साली संपादकीय लिहून हा सिद्धान्त आता निवृत्त करावा अशी उघड मागणी केली. सहा महिन्यांची रेघ कोणी आखली? एकशे एकोणऐंशीव्या दिवशी माणूस एका पायरीवर आणि आणखी दोन दिवसांनी दुसऱ्या, याला आधार काय? पुढच्याच वर्षी वेस्ट आणि सोहल यांनी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की, धूम्रपान सोडण्याच्या प्रयत्नांपैकी जवळपास निम्मे कोणतीही पूर्वतयारी न करता, त्या क्षणी ठरवून केलेले होते. आणि असे प्रयत्न किमान सहा महिने टिकण्याची शक्यता ठरवून-आखून केलेल्या प्रयत्नांपेक्षा जास्त होती. म्हणजे विचार आणि तयारी या पायऱ्या कित्येकांनी उडीतच ओलांडल्या. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात ४१ चाचण्या तपासल्या गेल्या. माणसाची पायरी ओळखून त्यानुसार बेतलेली मदत ही सरसकट दिलेल्या तशाच मदतीहून अधिक गुणकारी ठरल्याचं त्यात दिसलं नाही.

उडीचं उदाहरण शोधायला लंडनला जायला नको. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकारानं गाठलं. त्यानंतरच्या आपल्या शोधाची हकिगत त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात सांगितली आणि ते मराठी घराघरांत पोचलं. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी रात्रंदिवस झटणारा, हृदयाचं शास्त्र शिकलेला डॉक्टर स्वतःच्या जेवणाकडे, चालण्याकडे, ताणाकडे वळतो तो आजार छातीवर येऊन बसल्यावर. ज्ञानाची तिथे उणीव नव्हती. चरकांच्या भाषेत धी शाबूत होती. ते पुस्तक मराठी वाचकाला एवढं भिडण्याचं एक कारण, मला वाटतं, हेच असावं : डॉक्टरही आपल्यासारखेच निघाले.

आपल्या समाजात उडी मारण्याची एक जुनी, सर्वमान्य जागाही आहे. माणूस पंढरीला जातो आणि गळ्यात तुळशीची माळ घालून येतो. मांस, मद्य त्या दिवसापासून बंद. कालपर्यंत गुत्त्यावर दिसणारा आज माळकरी. प्रोचास्कांच्या कोष्टकात त्याला कुठे बसवायचं? तयारीचा महिना त्यानं मोजलेला नसतो. पण माळ एक काम चोख करते : ती सर्वांना दिसते. पेला पुढे करणारा हात तिच्याकडे बघून मागे जातो, नाही म्हणायचे कष्ट वाचतात, आणि एकादशी, कीर्तन, दिंडी असं मोकळ्या झालेल्या वेळेला नवं ठिकाण मिळतं. पुढच्या पायऱ्यांवर जे जे लागतं असं हे मानसशास्त्रज्ञ सांगतात, ते माळेसोबत आपोआप येतं. याउलट श्रावण. गटारीला मनसोक्त घेऊन दुसऱ्या दिवसापासून कडक पाळणूक करणारे लाखो आहेत; महिनाभर ते थेंबालाही शिवत नाहीत. त्यांचा संयम खराच असतो, पण त्याला शेवटची तारीख आधीच ठरलेली असते. नुसती कृती बघून पायरी ठरवणाऱ्याची श्रावणात हमखास फसगत होईल.

एवढं सगळं असूनही मी हा सिद्धान्त टाकून द्यायला तयार नाही, आणि त्याचं कारण घसरणीशी निगडित आहे. प्रोचास्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पर्यंत आपल्या सरळ जिन्याचं चक्राकार जिन्यात रूपांतर केलं होतं. बहुतेक माणसं घसरतात, पण घसरून अगदी तळाशी पोचणारे थोडे. बाकीचे मधल्या कुठल्यातरी वळणावर थांबतात आणि मागच्या खेपेला काय चुकलं ते बरोबर घेऊन पुन्हा निघतात. पुन्हा सुरू होणं हा स्वभावदोष आहे असं मानणाऱ्या जगात हे फार सभ्य विधान होतं. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, ही त्या कामाची भूमिका. आजार म्हटला की तो उलटू शकतो आणि उलटलेल्या रुग्णाला परत दाखल करून घ्यायचं असतं. पापी परत आला तर त्याला फक्त बोल लावता येतात.

नव्या सवयी लागण्याबद्दलही असंच आहे. एकवीस दिवसांत सवय लागते, असं व्याख्यानांतून ठोकून सांगितलं जातं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या पाहणीत हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला. मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नव्हतं. ज्याचे बावीस दिवस भरले आणि तरी पहाटे उठणं जड जातंय, त्याला एकविसाचा मंत्र आळशी ठरवतो.

तेव्हा माझं मत असं झालं आहे की, पायऱ्यांचा हा सिद्धान्त बदलणाऱ्या माणसाबद्दल सांगतो त्यापेक्षा त्याला बदलू पाहणाऱ्याला जास्त शिकवतो. भाकीत म्हणून तो लंगडा आहे. शिष्टाचार म्हणून त्याची गरज आहे. बायको, आई, मुलगी, डॉक्टर, सगळे जण कृतीच्या पायरीवर उभे राहून खाली हाका मारत असतात. खालचा माणूस अजून जिन्यापाशीही आलेला नसतो. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये तरुण मानसशास्त्रज्ञांबरोबर काम करताना विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला आपण दारूड्यांशी नेमकं कसं बोलतो ते उलगडून सांगावं लागलं, आणि त्यातून १९८३ सालीच त्यांनी एक निबंध लिहिला. त्याचं सार कोणत्याही मराठी घरात पडताळून पाहता येईल. ज्याच्या मनात दोन्ही बाजू आहेत त्याच्यासमोर आपण एक बाजू धरली की तो दुसरी धरतो. आई म्हणते, ‘अरे सोड ती, मरशील.’ मुलगा म्हणतो, ‘दिवसाला दोनच तर खातो.’ आईनं सोडण्याची बाजू घेतल्यामुळे त्याला खाण्याची घ्यावी लागली, आणि स्वतःच्या तोंडानं बोललेलं माणसाला पटत जातं. चार वेळा हा संवाद झाला की मुलगा आपल्या व्यसनाचा पट्टीचा वकील होतो. बिनतोड मुद्दे आईनेच त्याच्याकडून घडवून घेतलेले असतात.

मिलर यांनी याला पर्याय दिला तो साधा, पण आपल्या स्वभावाला महाग पडणारा : विचारायचं, आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यायचं. तंबाखूतून तुला काय मिळतं? काही खुपतं का? मग गप्प राहायचं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी धाकट्याला प्रश्न विचारायचा तो जाब म्हणून. उत्तरासाठी विचारणं आपल्याला सवयीचं नाही. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. उपदेश करण्याचीही सवय असते, तीही पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि तिच्या पहिल्या पायरीवर आपण सुखानं बसलेले आहोत. येत्या सहा महिन्यांत ती सोडण्याचा आपला कसलाही मानस नाही.

तर ज्यांच्या घरात कुणाच्या खिशात डबी किंवा पुडी आहे, त्यांना एवढीच विनंती. आज त्याला सोड म्हणू नका. तो कुठे उभा आहे ते त्याच्याकडूनच ऐका, आणि मदत त्यानं मागितली की द्या. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक आहे. २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो, त्यामुळे तुम्ही सांगण्याआधी त्यानं तो कितीतरी वेळा पाहिलेला आहे.