सोलोची घाई नको

चि. ओवीस,


तू सॅक्सोफोन घेतलास, तोही वापरलेला आणि साठवलेल्या पैशांतून, हे तुझ्या आईनं मला फोनवर दोनदा सांगितलं. तिला वाटतं मी विसरतो, आणि मीही तिला तसं वाटू देतो, म्हणजे चांगली बातमी दोनदा ऐकायला मिळते. फक्त तुझ्या त्या एका प्रश्नापाशी जरा थबकलो. सोलो वाजवायला कधी मिळेल, असं विचारलंस ना? मिळेल गं, बाळा. पण त्याआधी थोडं धोबी तलावाबद्दल ऐक.

गिरगावातून चालत गेलं की लागणाऱ्या त्या वस्तीत गोव्याच्या गावागावांच्या कुडी होत्या. कूड म्हणजे त्या गावच्या लोकांनी मुंबईत चालवलेली उतरायची जागा: भिंतीलगत ट्रंका, एका कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना. बोटीवरचे खलाशी, आचारी आणि वाजवणारे तिथं फार थोड्या पैशांत राहत आणि उरलेले गावी पाठवत. वाजवणाऱ्यांपैकी कित्येक जण लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेजो, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकलेले, त्यामुळे लिहिलेलं संगीत ते वर्तमानपत्र वाचावं तसं वाचत. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, पुढं पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला, आणि आपल्या गोवेकरांनी या मंडळींच्या शेजारी बसून जॅझ उचललं. वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही. रात्रीमागून रात्री नुसतं शेजारी बसायचं.

त्यांतलाच हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ. ट्रंपेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि नाव पडलं चिक चॉकलेट. तुझ्या पणजीला ‘अलबेला’ची गाणी पाठ होती, १९५१ चा तो सिनेमा भगवानदादांचा, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्या हाताशी होता हा चिक. एका गाण्यात तर तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो, बघ कधी. बाकी अशा कितीतरी जणांची नावं पडद्यावर आलीच नाहीत. मला त्याचं अजूनही वाईट वाटतं, पण त्यांनी स्वर मात्र कधी हलका लावला नाही.

आता तुझ्या सोलोचं. जॅझच्या पुष्कळ गाण्यांचा साचा बत्तीस बारांचा, एका बारात बहुधा चार ठोके. सोलो वाजवणारा त्यात काय वाटेल ते रचतो, पण बेस आणि ड्रम तो साचा सांभाळून असतात, तबलजीनं ठेका धरावा आणि गवय्यानं हवं तिकडं फिरून समेवर यावं, तसंच. मग चार बार सॅक्सोफोन, चार बार ड्रम, असा सवाल-जवाब रंगतो. तेव्हा समोरचा काय म्हणाला हे ज्यानं ऐकलंच नाही, तो उत्तर काय देणार? म्हणून म्हणतो, आधी दुसऱ्याच्या मागं वाजवायला शीक. आणि पहाटे ऊठ. चहाच्या आधी एकच स्वर, श्वास संपेपर्यंत, न हलता. आपल्याकडं खर्ज लावतात ना, तेच हे काम. (शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव. कुलकर्णी वहिनींना पहाटे भजन चालतं, सॅक्सोफोन चालेल का, शंका आहे.) कंटाळा येईल, येऊ दे.

आणि ऐकायला जात जा. १९७८ साली मुंबईच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाला, निरंजन झवेरींच्या पुढाकारानं. सनी रॉलिन्ससारखा माणूस उघड्या आभाळाखाली वाजवून गेला. रंगभवन पुढं शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून गप्प झालं, चर्चगेटच्या रस्त्यावरच्या हॉटेलांतले बँड तर त्याच्या आधीच गेले होते. पण एनसीपीएच्या सभागृहांत अजून जॅझ होतं, आणि लहानशा जागांतूनही चार-सहा टेबलांसमोर मुलं मन लावून वाजवतात. त्यांच्याकडं जा. फोन खाली ठेव, मधे बोलू नकोस, बेसवाल्याच्या सोलोलाही टाळी दे. त्याच वेळी लोकांना खाण्याची ऑर्डर द्यायची का सुचते, देव जाणे.

काटकसर तू करशीलच, माझ्या नातीला ते शिकवायला नको. टॅक्सी सोडून लोकलनं जा, बाहेरचं खाणं टाळ, पण तिकिटाला मात्र काटकसर नको. दारावर जमलेल्या पैशांतूनच त्या पोरांना रात्रीची बिदागी मिळते.

३० एप्रिलला जागतिक जॅझ दिन असतो. कुठं काही असलं तर दोघांची तिकिटं काढून ठेव, पैसे मी देईन. कुणा मित्राकडून फुकटचे पास मात्र आणू नकोस, आणि शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेव, म्हणजे कार्यक्रम अर्ध्यावर सोडून उठावं लागणार नाही.

तुझा,
आजोबा