खोट्या इशाऱ्याचे काय करावे?

मोटार जुनी झाली की ती फार बोलू लागते. पंधरा वर्षे उलटल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून घेतलेली एखादी गाडी पाहावी. किल्ली फिरवताच समोर कधी इंजिनाचा पिवळा दिवा, कधी ब्रेकचा लाल दिवा, तर कधी एअरबॅगचे चिन्ह उजळते. गाडी मात्र सुरळीत धावत असते. त्यात मे महिन्याच्या तोंडावर एसीही रुसतो. अशा वेळी मालकापुढे उभा राहणारा प्रश्न वरवर यांत्रिक वाटला, तरी आमच्या मते तो मुळात नीतीचा आहे. जो इशारा वारंवार खोटा ठरला आहे, त्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

प्रथम 'खोटा' म्हणजे काय, ते पाहू. दिव्याला इंजिन दिसत नाही. कुठल्यातरी कोपऱ्यात बसविलेला सेन्सर तारेवाटे जे कळवितो, तेवढेच त्याला ठाऊक असते. बॅटरी अशक्त झाली की स्टार्टर फिरताना विजेचा दाब घसरतो, आणि एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे एकदम लागतात. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली तरी तोच प्रकार. आपल्या किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ती गंजतेही लवकर. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसला की एबीएसचा दिवा लागतो. या सर्व प्रसंगी दिव्याने सांगितलेली बातमी चुकीची असते; पण साक्षीदार आजारी आहे, ही बातमी खरी असते, आणि ती आपण ऐकत नाही. ब्रेकच्या दिव्याची तर आम्हांला कीवच येते. घाटात किंवा वळणावर तो क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. लोक त्याला खुळा ठरवितात. वास्तविक ब्रेकचे पॅड झिजत गेले, की डबीतील ब्रेक ऑइलची पातळी उतरते. उतारावर ते एका बाजूला सरकते, आणि दिवा नेमके तेवढेच सांगत असतो.

एसीची गोष्ट निराळी. तो इशारा देत नाही, काम थांबवितो. नळ्यांतील गॅस कमी झाला, की दाबावर लक्ष ठेवणारा स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. यामागे शहाणपण आहे. कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस कमी असताना तो चालला तर कोरडा पडून जाम होतो. परंतु उन्हाने त्रासलेला मालक म्हणतो, 'स्विच बिघडला आहे, दोन तारा जोडून टाक.' तारा जोडल्या जातात, चार दिवस थोडी गार हवा येते, आणि मग मोठा खर्च दारात उभा राहतो. दरवर्षी 'गॅस संपला, भरून टाका' म्हणणारे गृहस्थही याच पंथाचे. बंद नळ्यांतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो गळतो. सांध्यावर तेलकट डाग दिसतो, तिथे बहुधा गळतीचा पत्ता मिळतो. (धावत्या गाडीत गार आणि सिग्नलपाशी गरम हवा येत असेल, तर मात्र आधी कंडेन्सरचा पंखा पाहावा.) शिवाय गळलेला गॅस जातो कुठे? पूर्वीचा आर-12 ओझोनच्या थराला मारक म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला अपाय करीत नाही. पण वजनास वजन धरले तर उष्णता कोंडण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. म्हणजे आपल्या गळतीचा हिशेब केवळ आपल्या खिशापुरता राहत नाही.

संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस असत्याचा सूक्ष्म विचार केला. जो खरे समजून चुकीचे सांगतो तो चुकतो, पण लबाडी करीत नाही. लबाडी ठरते ती फसविण्याच्या हेतूवरून. या मापाने दिवा निर्दोष सुटतो. माणूस सुटतो काय? जुनी गाडी विकण्यापूर्वी एअरबॅगच्या दिव्याचा बल्ब काढणारे असतात. किल्ली फिरविल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून विझायला हवेत, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असेल म्हणून त्या दिव्याची तार शेजारच्या दिव्याला जोडणारे कारागीरही आहेत. मग तो वेळेवर लागतो, वेळेवर विझतो. एक शब्दही खोटा बोलला गेला नाही. आणि तो दिवा लागलेला राहतो तेव्हा अपघातात एअरबॅग उघडेलच, याची खात्री नसते. पुढच्या आसनावर मूल मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला हे कोण सांगणार?

विश्वास उडालेल्या उपकरणांची किंमत या देशाने मोजलेली आहे. भोपाळच्या कारखान्यातील मापके अनेकदा चुकत, म्हणून कामगार त्यांच्याकडे संशयाने पाहत. विषारी द्रव थंड ठेवणारी शीतयंत्रणा तर काही महिने आधीच बंद करण्यात आली होती. 1984 च्या डिसेंबरातील ती रात्र आम्ही वेगळी वर्णन करण्याची गरज नाही. मोटारीची तुलना तिच्याशी करणे अतिशयोक्तीचे वाटेल. प्रमाण निराळे आहे हे मान्य, पण सवय तीच आहे.

कोणी म्हणेल, 'फादर, एअरबॅगच्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या निम्म्या किमतीएवढा सांगितला, तर गरिबाने काय करावे?' प्रश्न रास्त आहे. प्रत्येक दिव्यासाठी कर्ज काढावे असे आम्ही म्हणत नाही. लाल दिवा लागला तर गाडी थांबवून पाहावे. पिवळ्याला काही दिवसांची सवड देता येते. बॅटरी, अर्थिंग, फ्यूज, पेट्रोलच्या टाकीचे सैल झाकण, या स्वस्त गोष्टी आधी तपासाव्यात. त्यानंतरही दुरुस्ती परवडत नसेल, तर दिवा जळू द्यावा. बल्ब काढू नये. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना, मग तो गिऱ्हाईक असो, बदली ड्रायव्हर असो की आपलाच जावई, हा दिवा का लागतो, कोणी आणि कधी तपासला, काय दुरुस्त करायचे राहिले आहे, हे चार ओळींत लिहून तो कागद गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. किंमत दोन-चार हजारांनी उतरेल. ती उतरू द्यावी.