वय न विचारणारे दुकान

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला उडवले आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते प्राणाला मुकले. पुढे जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध, ससून रुग्णालयातले रक्ताचे नमुने आणि घरच्यांच्या धावपळी यांची एवढी चर्चा झाली की त्या रात्रीची पहिली चूक मागेच पडली. ती रस्त्यावर झालेलीच नव्हती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार हा मुलगा मित्रांबरोबर आधी दोन परवानाधारक ठिकाणी बसला होता. त्यातल्या एका ठिकाणचे बिल ४८ हजार रुपयांचे झाल्याचे पोलीस आयुक्तांनीच सांगितले. एवढ्या बिलाच्या टेबलाकडे कुणाचे लक्ष नव्हते असे कसे म्हणावे? बर्फ हवा का, सोडा हवा का, हे विचारले गेलेच असणार. वय मात्र कुणी विचारले नाही.

अपघातानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने दोन्ही ठिकाणे दोन दिवसांत सील झाली. नंतरच्या आठवड्यांत पुण्यातले कितीतरी पब आणि परमिट रूम तपासले गेले, निलंबनाचे आदेश निघाले. महिनाभराने फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमधली चित्रफीत फिरली, तेव्हा राज्य उत्पादन शुल्क खात्याचे अधिकारीही निलंबित झाले. या वेगाचे कौतुक करणारे बरेच होते. मला त्यात वेगळेच दिसते. परवाना रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना २१ मे रोजी मिळालेला नव्हता. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा, त्याच्या ५४ व्या कलमात अटी मोडणाऱ्याचा परवाना निलंबित वा रद्द करण्याची तरतूद आहे, आणि अट मालकाच्या नोकराने मोडली तरी मालक सुटत नाही. म्हणजे हत्यार कपाटात होतेच. ते बाहेर काढायला दोन मृत्यू आणि देशभरातले कॅमेरे लागले.

आता कॅमेरा वजा करून हीच गोष्ट कळंब्यात आणून पाहू. कळंबा म्हणजे कोल्हापूरचा दक्षिणेकडचा उंबरठा. एकेकाळी शहराला पाणी पाजणारा तलाव, मध्यवर्ती कारागृह, वाटेवरचे आयटीआय, त्याभोवती वाढलेल्या कॉलन्या आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरे. कागदावर हे कळंबे तर्फ ठाणे, करवीर तालुक्यातले गाव, व्यवहारात शहरच. महापालिका १९७२ साली झाली आणि तेव्हापासून हद्दवाढीचे भिजत घोंगडे तसेच आहे. समजा, इथल्या एखाद्या अकरावीतल्या पोराला कुठल्या तरी दुकानातून बिअरच्या बाटल्या सहज मिळाल्या आणि त्या तलावाच्या काठावर रिकाम्या झाल्या. अपघात झाला नाही. कुणी मेले नाही. आईला फक्त वास आला. तिने काय करायचे?

एक वाट पोलीस ठाण्याची. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या ७७ व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम कडक आहे, पण त्यातला मुख्य साक्षीदार तिचाच मुलगा. गावात, कॉलेजात, भावकीत त्याचे नाव होणार. शिवाय अडकेल तो बहुधा महिन्याच्या पगारावर बाटली पुढे सरकवणारा कामगार. अशी तक्रार करणारी आई विरळा.

दुसरी वाट उत्पादन शुल्क खात्याची. तक्रार गेली, निरीक्षक आला, त्याला काही सापडले, तर नियमभंगाचे प्रकरण होते, नोटीस निघते, सुनावणी होते. ही सुनावणी खाते आणि परवानाधारक यांच्यातली. तक्रार करणाऱ्या आईला तिथे खुर्ची नाही. आणि याच कायद्यात १०४ वे कलम आहे: परवाना रद्द वा निलंबित होण्याजोगा असला तरी त्याऐवजी ठरावीक रक्कम घेऊन प्रकरण मिटवता येते. तडजोड करायला हरकत नाही, पुष्कळ कायद्यांत ती असते. पण स्टॉकच्या नोंदवहीतला फरक आणि सोळा वर्षांच्या मुलाला दिलेली बाटली एकाच पावतीवर मिटू शकतात, तिथे अडते. दुकानदारासाठी ती रक्कम धंद्याचा खर्च ठरते. आईला तर प्रकरण मिटले की नाही हेही कळत नाही. तिला दिसते ते एवढेच, की शटर सकाळी नेहमीच्या वेळेला वर गेले.

मग उरते आडवी बाटली. २००८ च्या शासन आदेशाने गावाला किंवा वॉर्डाला दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येते. किमान २५ टक्के महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या बायांनी ही बाटली आडवी करून दाखवली आणि त्याबद्दल त्यांना मानाचा मुजराच करायला हवा. पण तिथे गाव म्हणजे गाव होते. अर्ध्याहून अधिक मते मिळवायची ती मतदानाला आलेल्यांची नव्हेत, यादीतल्यांची. कळंब्यासारख्या ठिकाणी यादीतले निम्मे लोक दुसरीकडे राहतात आणि राहणारे निम्मे लोक दुसऱ्या यादीत असतात. त्याहून मोठी अडचण अशी, की आडवी बाटली हा दारूवरचा कौल आहे. त्या दुकानाने त्या मुलाला माल दिला, एवढ्यापुरता न्याय तिथे मागता येत नाही. ज्यांना दारूबंदी नको पण पोरांच्या हातात बाटली जायलाही नको, अशा माणसांनी कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा? आणि माझ्या मते गावात बहुसंख्या याच माणसांची असते.

या गोंधळाला वयाची मर्यादाही कारण आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण लागतात. २०११ च्या व्यसनमुक्ती धोरणापासून हे पंचवीस गाजते आहे, त्याविरुद्ध एक सिनेनट उच्च न्यायालयातही गेला होता. वर प्यायला परवाना लागतो तो वेगळाच. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, तोही कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठी! इथून आंबोलीचा घाट उतरला की गोव्यात हीच मर्यादा अठराची. आता चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, पोटी लेकरू असलेला माणूस क्वार्टर मागायला आला तर कुठला दुकानदार त्याला परत पाठवील? तो देतो, आणि कुणालाही त्यात वावगे वाटत नाही. रोज चोविशीतल्याला, बाविशीतल्याला देता देता विचारायची सवयच जाते, आणि त्याच रांगेतून सोळाचा पोरगाही निघून जातो. ७ जुलै २०२४ च्या वरळीतल्या बीएमडब्ल्यू अपघातानंतर आरोपी आधी जिथे बसला होता तो जुहूचा बार सील झाला, त्यात एक आक्षेप हाच होता, की आरोपी पंचविशीच्या आतला असून त्याला कडक दारू दिली. तो अपघात भयंकरच होता. पण कायद्याच्या वहीत सतरा वर्षांच्या मुलाला पाजणे आणि पंचविशीला टेकलेल्या बाप्याला पाजणे शेजारी शेजारी बसले, की पहिल्याचे गांभीर्य दुसऱ्याच्या हास्यास्पदपणात बुडते. मर्यादा सरसकट एकवीसची करा आणि ती मोडणाऱ्याला मात्र सोडू नका, असे मला वाटते. हे बोलणाऱ्यावर दारूचा पुरस्कर्ता म्हणून शिक्का बसतो, तो बसू द्यावा.

आपली यंत्रणा वय मोजण्यापेक्षा अंतर मोजण्यात रमते. शाळेपासून किती मीटर, देवळापासून किती मीटर, दार कुठल्या बाजूला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकाने बंद करायला सांगितली, पुढे छोट्या गावांसाठी ते २२० मीटर केले. मग टेप घेऊन मोजण्या झाल्या, वळसे दाखवण्यात आले, कुठे रस्त्यांचा दर्जाच बदलून टाकण्याची खटपट झाली. अंतर एकदा मोजले की फाइल बंद होते. वय मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाचे, रोज, गर्दीच्या वेळी विचारावे लागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या लायसन्सिंग कायद्याने एक साधी सोय केली आहे. परवान्याचा फेरविचार व्हावा, असा अर्ज पोलीस करू शकतात, व्यापार-तपासणी खाते करू शकते आणि शेजारी राहणारा माणूसही करू शकतो. स्थानिक कौन्सिलची समिती उघड सुनावणी घेते. मुलांचे हानीपासून संरक्षण हे कायद्याच्या चार उद्दिष्टांपैकी एक, त्यामुळे वयाचा मुद्दा तिथे पोटकलमात लपत नाही. निकालही 'चालू' किंवा 'बंद' एवढाच नसतो. समिती नव्या अटी घालू शकते, जबाबदार व्यवस्थापकाला हटवू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करू शकते, शेवटी रद्दही करू शकते. तीन महिन्यांत दोनदा अल्पवयीनाला विक्री झाली तर तो वेगळा गुन्हा. पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचे, अशी तिथल्या दुकानांची रीत आहे. पंचवीस तिथेही आहे, पण ते विचारण्याचे वय आहे, पिण्याचे नव्हे. तिथली पोरे त्यामुळे संत झाली, असा माझा दावा नाही. शेजाऱ्याला खुर्ची मिळाली, एवढेच मी घेतो.

यावर आपल्याकडचा खरा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. इथे तक्रारीचा अधिकार दिला की उद्या गल्लीतला प्रत्येक दादा अर्ज हातात घेऊन दुकानदाराकडे हप्ता मागायला जाईल. समोरचा परवानाधारक स्पर्धकाविरुद्ध बायांना पुढे करील. हे होईल, थोडेफार होईलच. पण हप्ता फोफावतो तो बंद खोलीत. तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून, तक्रार लेखी घेऊन, मुलाचे नाव गुप्त ठेवून आणि निकालाची कारणे छापून सुनावणी झाली, तर खंडणी मागणाऱ्याला विकायला फारसे उरत नाही. दारू विकणे हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात सांगून ठेवले आहे. परवाना ही सवलत आहे आणि ती दरवर्षी नूतनीकरणाला येते. नूतनीकरणाआधी त्या दुकानावर वयाबाबत कोणती प्रकरणे झाली आणि ती कशी मिटली, हे गावाने वाचले तर दुकानदारावर अन्याय कोणता? प्रामाणिक दुकानदाराला उलट ती जाहिरातच.

दुसरा आक्षेप गोवा बनावटीच्या दारूचा. इथली दुकाने कडक झाली की आजरा-आंबोलीच्या वाटेने माल येतो, असे सांगितले जाते. माल येतो खरा, आणि खाते तो पकडतेही. पण अकरावीचा मुलगा तस्कराला शोधत फिरत नाही. तो कोपऱ्यावरच्या बिअर शॉपीत जातो, कारण ती कोपऱ्यावर आहे आणि तिथे त्याला कुणी हटकत नाही.

सरकारची अडचण सर्वांना ठाऊक असलेली आहे. वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक महसूल देणारे हे खाते, आणि जून २०२५ मध्ये शुल्क वाढवून त्यात आणखी १४ हजार कोटींची भर घालायचे ठरले. विक्री वाढवणाऱ्यानेच विक्रेत्याला शिस्त लावायची, ही अपेक्षाच थोडी वाकडी आहे. म्हणून तर तिसऱ्या कुणाला तरी खोलीत बसवायला हवे. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले, की गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात नवे बिअर किंवा वाइनचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना-हरकत पत्र लागेल. शेजाऱ्याला दुकान उघडताना मत आहे हे इथे मान्य झाले. दुकान चुकल्यावर मात्र ते नाही.

मनुष्यबळ कमी आहे, असे खाते म्हणेल, आणि ते खरेही असेल. पण चाचणी-खरेदीला, म्हणजे खात्यानेच गिऱ्हाईक पाठवून दुकान तपासायला, फौज लागत नाही. इंग्लंडात त्यासाठी अठरा वर्षांखालचे स्वयंसेवक वापरतात, आपल्याकडे त्याचीही गरज नाही. उत्पादन शुल्क खात्यात जवानाची भरती अठराव्या वर्षापासून होते. भरती झालेल्या एकोणीस वर्षांच्या जवानाने साध्या कपड्यांत कळंबा रस्त्याने जावे, गर्दीच्या वेळी रांगेत उभे राहावे, शंभराच्या नोटा पुढे कराव्यात आणि निरीक्षकाने बाहेर थांबावे. कायद्याने त्या जवानाला बिअरही मिळता कामा नये.