अंगभूत सामर्थ्य आणि कृपा : ‘द इन्क्रेडिबल्स’चे एक ख्रिस्ती वाचन

मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘तारण’ हा मध्यवर्ती शब्द आहे. ख्रिस्त हा तारणारा, आणि तारण ही त्याची देणगी. याच शब्दाचा व्यवहारातील अर्थ मात्र कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू असा आहे. मुक्ती आणि हमी या दोन भिन्न कल्पना एकाच शब्दात कशा नांदतात, हा प्रश्न भाषाभ्यासकांवर सोपवू. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. संकटातून माणसाला वाचविणारा जो नायक आजच्या बालकांच्या भावविश्वात वावरतो, तो कोणत्या अर्थाने ‘तारणारा’ म्हणावा? त्याचे सामर्थ्य त्याच्या मालकीचे की त्याच्याकडे सोपविलेले?

या प्रश्नासाठी ब्रॅड बर्ड यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला पिक्सारचा ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) हा अ‍ॅनिमेशनपट निवडला आहे. हिंदीत तो ‘हम हैं लाजवाब’ या नावाने आला. भाषांतरकाराला अभिप्रेत नसेलही, पण या नावात एक मर्म दडले आहे. ‘लाजवाब’ आणि ‘जबाबदार’ हे एकाच ‘जवाब’चे वंशज होत. ज्याला जवाब नाही आणि ज्याला जवाब द्यावा लागतो, या दोन अवस्थांमधला ताण हेच या चित्रपटाचे आशयसूत्र म्हणता येईल.

ख्रिस्ती दृष्टी मराठी समीक्षेला परकी मानण्याचे कारण नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तकथा सांगितली ती ओवीत आणि पुराणाच्या घाटात. मराठवाड्यापुरते बोलायचे तर एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभी केली. येथे ही दृष्टी धर्मप्रसारासाठी योजलेली नाही. एका संहितेतील मूल्यव्यवस्था तपासण्याचे साधन एवढाच तिचा उपयोग आहे.

कथेचा आरंभच लक्षणीय आहे. आत्महत्येसाठी इमारतीवरून उडी घेतलेल्या एका माणसाला बॉब पार, म्हणजे मिस्टर इन्क्रेडिबल, हवेतच झेलतो. माणूस वाचतो, जायबंदी होतो, आणि आपल्याला वाचविल्याबद्दल त्याच्यावर दावा लावतो. पुढे अशा दाव्यांची रीघ लागते आणि सर्व अतिमानवांना सामान्य माणसांच्या वेषात अज्ञातवासात जावे लागते. प्रेक्षागृहात या दाव्यावर हशा होतो. ख्रिस्ती वाचकाला मात्र योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दा तळ्याकाठचा प्रसंग आठवावा. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला येशू आधी विचारतो, की तुला बरे व्हायचे आहे काय. प्रश्न वरकरणी अनावश्यक वाटतो. पण या प्रश्नामुळेच रुग्ण हा उपकाराचा विषय न राहता व्यक्ती बनतो. सुपरहीरो विचारत नाही. त्याला वेळ नसतो हे खरे, परंतु विचारण्याची गरज त्याला कधी जाणवतही नाही. त्या दाव्यामागे विकृती असेल, तरी एक न्याय्य तक्रारही आहे : मला तारणाऱ्याने माझ्याकडे पाहिलेच नाही.

यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारा मुद्दा समतेचा आहे. बॉबचा वेगवान मुलगा डॅश याला शाळेत धावण्याची बंदी असते. प्रत्येकजण विशेष असतो अशी आई समजूत घालते, तेव्हा तो पुटपुटतो की याचा अर्थ कोणीच विशेष नाही. पुढे खलनायक सिंड्रोम हेच तर्कशास्त्र शस्त्रासारखे वापरतो. म्हातारपणी आपली यंत्रे तो सर्वांना विकणार आहे. सगळेच अतिमानव झाले की कोणीच अतिमानव उरणार नाही. एकच विधान नायकाचे मूल आणि खलनायक दोघेही उच्चारतात, आणि चित्रपट त्याचे खंडन कोठेच करीत नाही. काही समीक्षकांना येथे आयन रँडची छाया दिसली. मला ती चर्चा तितकीशी फलदायी वाटत नाही, कारण या विधानाचा पूर्वज कितीतरी जुना आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर राबलेले मजूर, शेवटच्या तासाला आलेल्यांनाही तेवढीच मजुरी मिळालेली पाहून कुरकुरतात. त्यांच्या मजुरीतून एक पैही कमी झालेली नसते. दुसऱ्याला मिळाल्याने आपले नष्ट झाले, एवढेच त्यांचे दुःख. डॅश आणि सिंड्रोम दोघेही त्या पहिल्या मजुरांच्या रांगेत उभे आहेत. धन्याची बाजू मांडणारे या चित्रपटात कोणी नाही.

मराठवाड्यातील वाचकाला येथे आणखी एक गोष्ट खुपेल. पार कुटुंबाचे सामर्थ्य जन्मजात आहे. सिंड्रोम, म्हणजे लहानपणीचा बडी पाईन, जन्माने काहीच घेऊन आलेला नाही. जे आहे ते त्याने बुद्धीने आणि हाताने घडविले आहे. हा मुलगा मदतीला आला तेव्हा आपण एकट्याने काम करतो असे सांगून बॉबने त्याला झिडकारले. जन्मसिद्ध गुणवत्तेचे नायक आणि स्वकष्टार्जित सामर्थ्याचा खलनायक ही विभागणी, अधिकारभेदाचा इतिहास ज्यांच्या अंगावरून गेला आहे त्यांना निरागस वाटणे कठीण. सिंड्रोम खुनी आहे हे खरेच. परंतु त्याला खुनी करून चित्रपटाने त्याचा मूळ प्रश्न सोयीस्करपणे बाजूला सारला, असेही म्हणावे लागते. बॉब त्याची क्षमा मागतो ती त्याच्या तावडीत सापडल्यावर. आणि आता मी धोकादायक झालो म्हणून तू मला मान देतोस, हे सिंड्रोमचे उत्तर त्या प्रसंगी तरी खोडून काढता येत नाही.

मी हा चित्रपट ज्या गावी राहून पाहिला, त्याचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. परळी वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते, देवघरचाही तसा दावा असला तरी. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपविण्यात आले. दानवांनी हात लावताच ज्वाळा उठल्या, भक्तांनी स्पर्श करताच अमृत पाझरले, अशी कथा आहे. म्हणून येथे स्पर्शदर्शनाला महत्त्व. त्याच गावाला औष्णिक विद्युत केंद्रही आहे. एका जागी शक्ती स्पर्शाने लाभते अशी श्रद्धा, तर दुसऱ्या जागी ती कोळसा जाळून निर्माण होते आणि मोजून विकली जाते. चित्रपटाला सामर्थ्याची दोनच रूपे ठाऊक आहेत : पार कुटुंबाचा वारसा आणि सिंड्रोमचा विक्रीमाल. स्पर्शाने वाहणारे तिसरे रूप त्याच्या कल्पनेतच नाही.

हे तिसरे रूप मार्काच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट दिसते. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते. मोशेच्या नियमशास्त्रानुसार तिचा स्पर्श अशुद्ध. आपला ‘विटाळ’ हा शब्द येथे कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक सांगून जातो. ती बरी होते, आणि आपल्यातून शक्ती निघाली हे येशूला जाणवते. ‘निघाली’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. मिस्टर इन्क्रेडिबलने आगगाडी अडविली तरी त्याची शक्ती त्याच्यातून निघून दुसऱ्याकडे जात नाही. वापरानंतरही ती त्याचीच राहते. परळीची कथा या दोहोंच्या मध्ये उभी आहे : तेथे अमृत पाझरते खरे, पण हात कोणाचा हे आधी तपासले जाते. मार्काच्या कथेत शक्ती आधी निघते आणि कोण शिवले हा प्रश्न मागाहून येतो. तोही शिक्षेसाठी नव्हे, तर तिला ‘मुली’ म्हणून हाक मारता यावी यासाठी.

थॉमस अक्वायनस याने कृपेचे जे भेद केले, त्यांतील एक येथे उपयोगी पडतो. एक कृपा माणसाला ईश्वराला प्रिय करते. दुसरी त्याला इतरांच्या हितासाठी मिळते, आणि तिच्यामुळे तो चांगला ठरत नाही. अतिमानवी शक्ती ही फार तर दुसऱ्या प्रकारची. अंगी बळ असणे हा सद्गुणाचा पुरावा नव्हे. चित्रपटाला याची जाणीव अधूनमधून होते, आणि तेथेच तो स्वतःच्या तत्त्वज्ञानाहून मोठा होतो. अखेरच्या लढाईपूर्वी बॉब पत्नीला मागे थांबण्यास सांगतो. कारण विचारता विचारता त्याच्या तोंडून निघते, की तिला पुन्हा गमावण्याएवढा तो बलवान नाही. साऱ्या चित्रपटात बलाची मर्यादा त्याने स्वतः कबूल केली ती एवढ्या एका वाक्यात, आणि त्यानंतर हे कुटुंब अखेरची लढाई एकत्र लढते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल अशक्तपणातच सामर्थ्य पूर्णत्वाला जाते असे जे सांगतो, त्याच्या इतके जवळ हा चित्रपट पुन्हा येत नाही. शेवटी डॅशला शर्यतीत मुद्दाम दुसरे येण्याचा इशारा मिळतो. त्याला कोणी आत्मरिक्तीकरण म्हणू नये. ती लपवाछपवी आहे, आणि खरोखर धापा टाकीत धावणाऱ्या इतर मुलांचा तो सौम्य अपमानही आहे.

खऱ्या रिक्ततेचे उदाहरण मराठीत शोधायचे तर नारायण वामन टिळक आठवतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला; पद आणि पगार दोन्ही हातचे सोडून. दोन वर्षांनी ते वारले.

चित्रपटातला असा एकच प्रसंग मला दिसतो, आणि त्यात बॉबच्या अंगी वेष नाही. अज्ञातवासात तो एका विमा कंपनीत दावे निकाली काढणारा कारकून आहे. कंपनीचे धोरण दावे नाकारण्याचे. (बीड जिल्ह्यात या दृश्यावर भाष्य नको. पीकविम्याचे दावे आणि विमा कंपन्यांचा नफा यांचे प्रमाण ठरविण्यासाठी २०२० पासून जो ८०:११०चा नमुना राबविला गेला, तो याच जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो.) समोर एक वृद्धा रडत बसली आहे. आपण काहीही करू शकत नाही असे बॉब साहेबाच्या कानी जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो, आणि हलक्या आवाजात कोणता अर्ज, कोणत्या मजल्यावर, कोणाकडे द्यायचा ते एकेक करून सांगतो. वृद्धा आभार मानू लागते तेव्हा तो तिला नाराज झाल्याचे सोंग करायला सांगतो. ती मोठ्याने हुंदके देत बाहेर पडते. तिला नक्की काय मिळाले, हे त्या कार्यालयात कोणालाच कळत नाही.