पित्याचा पहिला प्रश्न

उन्हाळ्याची सुटी लागली की गावोगावची मैदाने संध्याकाळी मुलांनी भरून जातात. कोठे विटीदांडू, कोठे खो-खो, कोठे कबड्डी, तर कोठे गल्लीतील क्रिकेट. उन्हे उतरेपर्यंत घरात कशीबशी थोपवून धरलेली मुले बाहेर धावतात आणि दिवेलागणीला धुळीने माखून परततात. अशा वेळी दारात उभा असलेला पिता बहुधा एकच गोष्ट विचारतो, "जिंकलास का रे?" प्रश्न कौतुकाचा असतो, त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. परंतु जो प्रश्न रोज कानी पडतो, त्यावरूनच घरात कशाला मोल आहे हे मूल ताडते. म्हणून या लहानशा प्रश्नाचा विचार करणे गृहस्थास अवश्य आहे.

एक गृहस्थ नित्यनेमाने प्रातःकाळी गीतेचा एक अध्याय वाचीत असत. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा सुटीत खो-खो खेळे. एके दिवशी सामना अटीतटीचा झाला. दोन्ही संघांचे गुण सारखे होते आणि अखेरचे काही क्षण उरले होते. पाठलाग करणाऱ्याची बोटे मुलाच्या पाठीला निसटती लागली. पंचाच्या ते दृष्टीस पडले नाही. पण मुलगा आपण होऊन बाद झाल्याचे सांगून मैदानाबाहेर गेला. संघ एका गुणाने हरला. घरी ही हकीकत ऐकताच पिता रागावून म्हणाला, "पंचाने पाहिले नव्हते, मग तुला सांगायची काय गरज होती?" मुलगा खाली मान घालून एवढेच बोलला, "पण हात लागला होता, बाबा."

त्या रात्री पित्यास झोप लागली नाही. सकाळी त्यांनी गीता उघडली आणि पहिल्याच श्लोकाशी ते थांबले.

गीतेचा आरंभ एका पित्याच्या प्रश्नाने होतो. धृतराष्ट्र संजयास रणांगणाची वार्ता विचारतो, तेव्हा आपल्या पुत्रांना तो 'माझे' म्हणतो आणि भावाच्या पुत्रांचा उल्लेख वेगळा करतो. हाच पिता सभापर्वात द्यूताच्या वेळी आपला हर्ष लपवू शकला नाही. डाव जिंकला का, असे तो पुनःपुन्हा विचारीत होता. डाव कसा जिंकला, हे मात्र त्याने विचारले नाही. डोळ्यांच्या अंधत्वापेक्षा हे ममत्वाचे अंधत्व कुलास अधिक घातक ठरले.

खेळाचे मर्म पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. खो-खो हा जुना देशी खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये त्याला नियमबद्ध रूप दिले, आणि 2025 च्या जानेवारीत नवी दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ विजयी झाले. या खेळात पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण एका ओळीत आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. 'खो' मिळाल्यावाचून बसलेल्याने उठावयाचे नाही. धावणाऱ्याने एकदा धरलेली दिशा सोडून मागे फिरावयाचे नाही, की मधली रेषा ओलांडावयाची नाही. खेळाचा सारा आनंद या संयमावर उभा आहे. नियम काढून टाकले तर मागे केवळ धावपळ उरते. म्हणून नियम चोरून ज्याने गुण मिळविला, त्याने तो खेळ जिंकला असे म्हणताच येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग मुलांनी जिंकण्याची इच्छाच धरू नये काय? तसे नाही. भगवंतांनी अर्जुनास धनुष्य सैल धरावयास सांगितले नाही. सर्व सामर्थ्यानिशी लढावयास सांगितले. समत्व म्हणजे शैथिल्य नव्हे. मुलाने जीव तोडून धावावे, हरल्यास दोन अश्रूही ढाळावे. परंतु त्याचे घरातील स्वागत हारजितीवर अवलंबून नसावे, हे पाहणे पित्याच्या हाती आहे. भर दुपारच्या उन्हात मुलांना जाऊ न देणे, परतल्यावर माठातले पाणी आणि कैरीचे पन्हे तयार ठेवणे, कधी घटकाभर स्वतः त्यांच्यात खेळणे, पंचाचा निर्णय मान्य करणे आणि प्रतिपक्षाच्या चांगल्या खेळाचीही वाखाणणी करणे, हे पित्याचे कर्म होय. निकाल त्याच्या अधिकारातला नाही.

शिवाय मैदानावर जडलेली सवय मैदानावरच राहत नाही. पंचाने पाहिले नाही म्हणून गप्प राहण्यास शिकलेला मुलगा उद्या तराजू हाती धरील, कचेरीत हिशेब लिहील, तेव्हाही आजूबाजूस कोण पाहत आहे एवढेच तो पाहील. ज्या अंतःसाक्षीचे गीता वर्णन करते, त्याची त्या मुलास आपोआप ओळख झाली होती. पित्याने ती पुसून टाकण्याचा प्रयत्न केला होता.

त्या गृहस्थांनी ग्रंथ मिटला, मुलास जवळ बोलाविले आणि म्हटले, "काल चूक माझी झाली. तू केलेस तेच योग्य होते." मुलाने मान वर करून पाहिले आणि तो हसला.

संध्याकाळी तो परतला तेव्हा पित्याने विचारले, "आज खेळ कसा झाला?" मुलगा पायरीवरच बसला आणि कोण कसा चपळाईने निसटला, कोणी कशी हुलकावणी दिली, हे पुष्कळ वेळ सांगत राहिला. कोण जिंकले हे सांगावयाचे तो विसरला, आणि पित्यासही ते विचारण्याची आठवण झाली नाही. प्रातःकाळी वाचलेल्या गीतेची परीक्षा गृहस्थाच्या घरी अशा दिवेलागणीच्या वेळीच होत असते.