माळ आपली, धोका कुणाचा?

दिवाळीत आपण गॅलरीच्या लोखंडी ग्रीलवर दिव्यांची माळ सोडतो. उजेड सगळ्यांसाठी असतो, हे खरेच. पण वायर कुठे सोललेली असेल, तर 230 व्होल्टचा करंट ग्रीलमध्ये उतरू शकतो, आणि ग्रीलला हात लावणारे आपणच असू असे नाही. शेजारचे मूल असेल, कुंड्यांना पाणी घालणाऱ्या मावशी असतील. त्यांना विचारून आपण माळ लावलेली नसते. म्हणून ‘माझे घर, माझी हौस’ हा हिशेब मला अपुरा वाटतो.

‘एमसीबी आहे ना!’ असे आपण म्हणतो. ती वायरिंगला वाचवते. माणसासाठी आरसीसीबी हवी. घरगुती वापरातली साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते. ती घरात आहे का, ते आधी बघा. वायरवर खिळे ठोकू नका, जोड पावसात येऊ देऊ नका (हल्ली दिवाळीतही पाऊस असतोच).

आणि स्टुलावर कोणाला चढवता? बहुधा वॉचमनकाकांना. ते ‘हो’ म्हणतात. पण ज्याला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणावे का? निदान प्लग काढलेला आहे हे स्वतः पाहा, आणि स्टूल धरायला खाली उभे राहा.