सोडवलेले तितर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या सत्संगात एक प्रश्न अर्धाच राहिला, तो इथे मांडतो.

पाऊस संपता संपता आपली चार-पाच कुटुंबं सिल्वासाहून खानवेलकडे फिरायला गेली होती. रस्त्याच्या कडेला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा दोन जिवंत तितर पाय बांधून उलटे धरून उभा होता. आपल्या मुली रडायला लागल्या. मग आम्ही तीनशे रुपये दिले आणि पुढे झाडीत जाऊन पक्षी सोडले. त्या संध्याकाळी आरतीला जरा जास्तच जोर होता.

पंधरा दिवसांनी त्याच वळणावर तोच मुलगा, हातात पाच तितर. गाडी ओळखून हसला.

शिकारीत तो नवशिकाच. विकायला उभा राहिला तो आमच्याच दिवशी पहिल्यांदा. तितर उडण्यापेक्षा पळतो जास्त, म्हणून त्याच्या वाटेवर फास लावायचे, पहाटे आवाज कुठून येतो ते ऐकत गप्प बसायचं, हे सगळं त्यानेच सांगितलं. (आपल्याला ध्यानात दहा मिनिटं बसवत नाही!)

1972 च्या वन्यजीव कायद्याने नुसतं पकडणं हीसुद्धा शिकारच. आणि अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला मांसाविषयी सांगताना विकत घेणाऱ्यालाही मारणाऱ्यांच्याच रांगेत बसवतात. यावर एक काका म्हणाले, "आपण खायला नाही, सोडायला घेतले. हेतू शुद्ध होता." खरं आहे. पण फास लावणाऱ्याला गिऱ्हाईकाचा हेतू कुठे कळतो? त्याला भाव कळतो.

ते पाच आम्ही घेतले नाहीत. काच वर केली. त्यांचं पुढे काय झालं असेल, यावर गाडीत कुणी बोललं नाही. हे तरी बरोबर केलं, असंही आम्हाला म्हणवत नाही.

1908 च्या सुमारास मुंबईत एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकललं नाही. पक्ष्याचं नाव सांगितलं, कपाटं उघडून संग्रह दाखवला, वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा म्हणजे पुढचे पक्षीतज्ज्ञ सालिम अली. आपल्या अवधूतानेही व्याधाच्या जाळ्यात सापडलेल्या कबुतराला गुरू केलं, म्हणजे तोही तिथे थांबून बघत राहिला असणार. आम्ही दोन्ही वेळा घाईत होतो.

येत्या रविवारी पहाटे दोन-तीन जण दुर्बीण घेऊन त्या वळणावर जाणार आहोत. पैसे द्यायचेच तर पक्षी दाखवण्याचे देऊ, असं एका ताईंचं म्हणणं. काका म्हणतात, हाही धंदाच झाला. मुलाचं नाव विचारायचं राहिलं होतं, ते आधी विचारू.

आपले,
सिल्वासा सत्संगातले सेवेकरी